चार जागांच्या वॉर्डातले एक मत

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्याहून नोकरीनिमित्त एडिंबऱ्यात येऊन राहिलेल्या एका गृहस्थांचे नाव तिथल्या मतदार यादीत लागले आहे आणि त्यांचा वॉर्ड चार कौन्सिलरांचा, म्हणजे चार नगरसेवकांचा, आहे. २०१७ साली पुण्यात चार सदस्यांच्या प्रभागात त्यांनी चार बटणे दाबली होती. इथे मात्र एकच मतपत्रिका मिळणार आणि तिच्यावर उमेदवारांच्या नावांपुढे १, २, ३ असे आकडे लिहायचे, हे कळल्यावर त्यांना चार शंका आल्या. भारतीय पारपत्रावर खरोखर मत देता येते का? दुसरी पसंती दिल्याने पहिल्या पसंतीच्या उमेदवाराचे नुकसान होते का? आवडत्या पक्षाने दोन उमेदवार उभे केले असतील तर १ हा आकडा कोणापुढे लिहायचा? आणि आकडे कुठपर्यंत लिहीत जायचे? २०१२, २०१७ आणि २०२२ या तीन कौन्सिल निवडणुकांत मी मतमोजणी प्रतिनिधी म्हणून बसलो आहे, त्यामुळे मोजणीच्या दालनात जे दिसते त्याच्या आधारे उत्तर देतो.

पहिल्या शंकेचे उत्तर सोपे आहे. भारत कॉमनवेल्थचा सदस्य असल्यामुळे ब्रिटनमध्ये राहण्याची कायदेशीर परवानगी असलेला भारतीय नागरिक, मग ती परवानगी विद्यार्थी व्हिसावर असो वा नोकरीच्या, इथल्या यादीत नाव नोंदवू शकतो. स्कॉटलंडमध्ये २०२० च्या कायद्याने हा हक्क कॉमनवेल्थबाहेरच्या देशांच्या कायदेशीर रहिवाशांनाही मिळाला. कौन्सिलच्या मतदानासाठी वयाची अट १६ वर्षांची आहे, त्यामुळे घरात दहावी-अकरावीच्या वयाची मुले असतील तर त्यांचीही नावे नोंदवावीत. इंग्लंडमध्ये २०२३ पासून स्थानिक मतदानालाही छायाचित्र असलेले ओळखपत्र लागते. स्कॉटलंडच्या कौन्सिल निवडणुकीला ते लागत नाही. यादीत नाव असणे पुरेसे आहे, आणि नाव नोंदवण्याची मुदत मतदानाच्या १२ कामकाजी दिवस आधी संपते, एवढे ध्यानात ठेवावे.

आता मूळ मुद्द्याकडे वळतो. बहुसदस्यीय प्रभाग हा शब्द पुणेकराला ओळखीचा असल्यामुळेच त्याची इथे फसगत होते. पुण्याच्या प्रभागात अ, ब, क, ड अशा चार स्वतंत्र जागा असतात, प्रत्येक जागेसाठी वेगळे मत असते आणि प्रत्येक जागेवर सर्वाधिक मते मिळवणारा निवडून येतो. म्हणजे एकाच परिसरात एकाच वेळी घेतलेल्या त्या चार निरनिराळ्या निवडणुका असतात, आणि परिसरात एका पक्षाची लाट असली की चारही जागा त्याच पक्षाकडे जाऊ शकतात. स्कॉटलंडच्या वॉर्डात निवडणूक एकच असते, जागा बहुतेक ठिकाणी तीन किंवा चार असतात आणि मतदाराकडे मतही एकच असते. ते मत गरज पडेल तसे एका उमेदवाराकडून दुसऱ्याकडे सरकते, म्हणून आपल्याकडच्या कायद्याच्या मराठीत या पद्धतीला एकल संक्रमणीय मताची पद्धत म्हणतात.

ही पद्धत महाराष्ट्राला अनोळखी मुळीच नाही. राज्यसभेची आणि विधान परिषदेच्या काही जागांची निवडणूक आमदार याच पद्धतीने करतात, आणि कोटा (निवडून येण्याची खात्री देणारा मतांचा आकडा), पहिल्या पसंतीची मते, दुसऱ्या पसंतीची मते हे शब्द दर दोन वर्षांनी वृत्तवाहिन्यांवर ऐकू येतात. १० जून २०२२ ची राज्यसभेची सहावी जागा आठवून पाहा. पहिल्या पसंतीची मते शिवसेनेच्या संजय पवारांना ३३ आणि भाजपच्या धनंजय महाडिकांना २७ होती, तरीही निवडून आले महाडिक, कारण पीयूष गोयल आणि अनिल बोंडे यांना कोट्याहून अधिक मिळालेल्या मतांचा उरलेला भाग दुसऱ्या पसंतीनुसार महाडिकांकडे वळला. एडिंबऱ्याच्या वॉर्डात घडते तेही मुळात हेच. फरक इतकाच की तिथे २८५ आमदार पक्षाच्या बैठकीत पढवल्याप्रमाणे आकडे लिहितात आणि इथे हजारो मतदार आपापल्या मनाने.

स्कॉटलंडने ही पद्धत का स्वीकारली, हे एका आकड्यावरून कळते. २००३ साली, एकसदस्यीय वॉर्डांच्या शेवटच्या निवडणुकीत, ग्लासगोमध्ये लेबर पक्षाने निम्म्याहून कमी मतांवर ७९ पैकी ७१ जागा जिंकल्या होत्या. त्यानंतर होलीरूडमध्ये, म्हणजे स्कॉटिश पार्लमेंटमध्ये, लेबरबरोबर सत्तेत बसण्यासाठी लिबरल डेमोक्रॅट्सनी ही सुधारणा मागून घेतली, २००४ मध्ये कायदा झाला आणि ३ मे २००७ रोजी सर्व ३२ कौन्सिलांची निवडणूक प्रथमच या पद्धतीने झाली. स्वतःच्या हुकमी शहरांवर पाणी सोडणारा कायदा लेबरने मंजूर करावा, ही आघाडीच्या राजकारणातली किंमत मला आजही नवलाची वाटते.

मत सरकते म्हणजे काय, हे एका कल्पित वॉर्डाच्या हिशेबाने पाहू. जागा चार, वैध मते ६,०००. कोटा काढताना वैध मतांना जागांपेक्षा एकाने जास्त अशा संख्येने, म्हणजे ५ ने, भागायचे आणि अपूर्णांक सोडून देऊन त्यात १ मिळवायचा. कोटा १,२०१ येतो. एवढी मते चौघांनाच मिळू शकतात, पाचव्याला पुरतील इतकी मते शिल्लकच राहत नाहीत, हे त्यामागचे साधे गणित आहे. समजा, पहिल्या फेरीत एका बाईंना १,६०० मते मिळाली. त्या निवडून आल्या आणि त्यांच्याकडे ३९९ मते जादा राहिली. आता या १,६०० पैकी जादा असलेल्या ३९९ मतपत्रिका नेमक्या कोणत्या, असा वाद इथे उद्भवत नाही, कारण सगळ्याच १,६०० मतपत्रिका पुढच्या पसंतीकडे जातात. फक्त प्रत्येकीची किंमत ३९९ भागिले १,६००, म्हणजे ०.२४९३७ इतकी उरते. हिशेब पाच दशांश स्थळांपर्यंत करतात आणि पुढचे आकडे सोडून देतात. त्यांतल्या ८०० जणांनी दुसरी पसंती एखाद्या गृहस्थांना दिली असेल तर त्यांच्या खात्यात १९९.४९६ मते जमा होतात. आपण शंभराची नोट दिली, वस्तू पंचाहत्तरची निघाली आणि उरलेल्या पंचवीस रुपयांत दुसरी वस्तू घेतली, तसाच हा व्यवहार आहे. ज्यांनी १ च्या पुढे काहीच लिहिले नाही, त्यांचे सुट्टे पैसे मात्र गल्ल्यावरच राहतात.

स्कॉटलंडचा नियम याहून एक पाऊल पुढे जातो आणि तिथे तो राज्यसभेच्या नियमापासून वेगळा पडतो. वरच्या उदाहरणातल्या गृहस्थांची मूळची मते १,१०० असतील तर त्यांची बेरीज आता १,२९९.४९६ झाली, म्हणजे तेही निवडून आले आणि ९८.४९६ मते पुन्हा जादा झाली. राज्यसभेच्या मोजणीत अशा वेळी शेवटी आलेला मतपत्रिकांचा गठ्ठाच तपासून पुढे पाठवतात. स्कॉटलंडमध्ये त्यांच्याकडच्या सर्व मतपत्रिका पुढे जातात: ज्यांची किंमत पूर्ण १ होती त्या आता ०.०७५७९ किमतीने, आणि ज्या आधीच ०.२४९३७ किमतीने आल्या होत्या त्या ०.०१८९० किमतीने. हे हाताने करणे जवळजवळ अशक्य असल्यामुळे २००७ पासून इथली मोजणी यंत्राने होते. मला हा नियम अधिक न्याय्य वाटतो, कारण कोणाची मतपत्रिका कोणत्या गठ्ठ्यात पडली या योगायोगावर काहीच अवलंबून राहत नाही.

जादा मते वाटूनही जागा भरल्या नाहीत तर सर्वांत कमी मते असलेला उमेदवार बाद होतो आणि त्याच्या मतपत्रिका, जेवढी किंमत घेऊन आल्या असतील तेवढ्याच किमतीने, पुढच्या पसंतीकडे जातात. हा क्रम चारही जागा भरेपर्यंत चालतो. शेवटी जेवढ्या जागा तेवढेच उमेदवार उरले की कोटा पूर्ण झालेला नसला तरी ते निवडून येतात, आणि चौथी जागा पुष्कळदा अशीच भरते.

यावरून दुसऱ्या शंकेचे उत्तर निःसंदिग्ध देता येते. दुसऱ्या पसंतीने पहिल्या पसंतीच्या उमेदवाराचे नुकसान कधीही होत नाही, कारण तो निवडून येईपर्यंत किंवा बाद होईपर्यंत दुसऱ्या आकड्याकडे कोणी पाहतच नाही. तरीही ‘आमच्या उमेदवाराला फक्त एकच द्या, पुढे काही लिहू नका’ असा सल्ला देणारे कार्यकर्ते प्रत्येक निवडणुकीत भेटतात, आणि आपल्याकडच्या मंडळींनाही तो पटकन पटतो, कारण एकनिष्ठेचा तो पुरावा वाटतो. हिशेबात या एकनिष्ठेला शून्य किंमत आहे. एका वॉर्डात चौथ्या जागेसाठी दोन उमेदवारांमध्ये शेवटी उरलेला फरक मी पडद्यावर पाहिला होता, आणि वाटेत पुढची पसंती न सापडल्यामुळे थांबलेल्या मतपत्रिका त्या फरकाच्या कितीतरी पट होत्या. त्या मतदारांना त्या दोघांपैकी कोणीही चालले असते असे मानायला मी तयार नाही. त्यांना कोणी नीट सांगितले नव्हते, एवढेच.

तिसरी शंका सर्वांत महत्त्वाची आहे. या पद्धतीत पक्षाचा पहिला मोठा निर्णय प्रचाराच्या आधीच होऊन जातो, तो म्हणजे वॉर्डात किती उमेदवार द्यायचे. २००७ मध्ये एसएनपीने (स्कॉटिश नॅशनल पार्टीने) अनेक वॉर्डांत सावधपणे एकच उमेदवार दिला, २०१७ मध्ये कंझर्व्हेटिव्ह पक्षाने तेच केले, आणि दोन्ही वेळा काही ठिकाणी त्या एकाच उमेदवाराच्या पदरात इतकी मते पडली की दुसरा उमेदवार असता तर तोही शर्यतीत राहिला असता; ती जादा मते मग इतर पक्षांच्या कामी आली. उलट, गरजेपेक्षा जास्त उमेदवार दिले की मते विखुरतात, त्यांतले काही लवकर बाद होतात आणि प्रत्येक हस्तांतरणात थोडी मते बाहेर गळतात.

उमेदवार दोन दिले तरी मते दोघांत सारखी पडणे हिताचे असते. आपल्याच कल्पित वॉर्डात एखाद्या पक्षाला एकूण २,१०० मते आहेत असे समजू. ती १,५०० आणि ६०० अशी पडली तर पहिला निवडून येतो आणि त्याची २९९ मतांची सगळी शिल्लक दुसऱ्याला मिळाली तरी तो ८९९ वर पोचतो. प्रत्यक्षात काही मते गळतात, त्यामुळे त्याहून कमीच. मते १,०५० आणि १,०५० अशी पडली तर दोघांपैकी कोणीही पहिल्या फेरीत निवडून येत नाही, पण दोघेही शेवटपर्यंत टिकतात आणि बाद होणाऱ्या इतरांची मते घेत घेत दोन जागा मिळवण्याची खरी संधी असते. म्हणून जाणते पक्ष वॉर्डाचे दोन भाग पाडतात आणि एका भागात वाटलेल्या पत्रकावर पहिला क्रमांक एकाला, तर दुसऱ्या भागात दुसऱ्याला द्यायला सांगतात. आपल्या घरी आलेले पत्रक आणि रस्त्यापलीकडच्या मित्राच्या घरी आलेले पत्रक यांत क्रम उलटा दिसला, तर ती छपाईची चूक समजू नये.

याच्या जोडीला वर्णानुक्रमाचा प्रश्न आहे. मतपत्रिकेवर उमेदवारांची नावे आडनावाच्या इंग्रजी वर्णानुक्रमाने छापतात, आणि बहुतेक मतदार आपल्या पक्षाचे चिन्ह शोधत वरून खाली येतात. पहिले दिसलेल्याला १, खाली दुसरे दिसलेल्याला २. त्यामुळे एकाच पक्षाच्या दोन उमेदवारांपैकी वर असलेल्याला बहुतेक ठिकाणी जास्त पहिली मते मिळतात. २००७ पासूनच्या प्रत्येक निवडणुकीच्या अभ्यासात हे दिसून आले आहे. नावांचा क्रम फिरता ठेवावा, अशी सूचना अनेकदा पुढे आली, पण २०२२ ची मतपत्रिकाही वर्णानुक्रमानेच छापली गेली. आपल्याकडच्या अभ्यंकर, आगाशे मंडळींना इथे उभे राहायला उत्तम वाव आहे; वाघ आणि यादवांनी मात्र पत्रके दुप्पट वाटावीत. तेव्हा प्रश्नकर्त्यांना माझा सल्ला असा, की दोन उमेदवारांपैकी एखाद्याचे काम आपल्याला खरोखर अधिक पसंत असेल तर बेधडक त्याला १ द्यावा; दोघे सारखेच वाटत असतील आणि पक्षाच्या दोन्ही जागा याव्यात अशी इच्छा असेल, तर पत्रकातला क्रम पाळावा; आणि पत्रकच आले नसेल तर यादीत खाली असलेल्याला १ आणि वरच्याला २ द्यावा, कारण वरच्याला बेफिकीर मतदारांचा आधार असतोच.

आकडे कुठपर्यंत लिहावेत, ही चौथी शंका. नियम एवढाच की १ हा आकडा एकदाच आणि स्पष्ट असला पाहिजे. त्यापुढचे सर्व ऐच्छिक आहे. दोन उमेदवारांपैकी कोण यावा याविषयी आपले काही मत असेल, तिथपर्यंत आकडे लिहीत जावे, मग त्यांतला एकही आपल्याला फारसा आवडत नसला तरी. जो उमेदवार अजिबात नको, त्याच्यापुढची चौकट रिकामी ठेवावी. मात्र अशा नकोशा दोघांनाही रिकामे सोडले, तर त्या दोघांत निवड करण्याची वेळ आल्यावर आपले मत गप्प बसते, हे लक्षात असू द्यावे. बाकी सगळ्यांना क्रमांक देऊन झाल्यावर एकच उरत असेल, तर त्याला शेवटचा आकडा लिहिला काय आणि न लिहिला काय, फरक पडत नाही.

बाद मतांविषयी दोन शब्द. वेस्टमिन्स्टरच्या, म्हणजे ब्रिटिश संसदेच्या, निवडणुकीत इथे एक फुली मारायची असते, स्कॉटिश पार्लमेंटच्या निवडणुकीत दोन मतपत्रिकांवर एकेक फुली, आणि कौन्सिलला आकडे. त्यामुळे हात सवयीने फुलीकडे जातो. मतपत्रिकेवर एकच फुली असेल तर ती पहिली पसंती समजून धरली जाते, पण चार जागा म्हणून चार फुल्या मारल्या तर मत बाद होते, आणि बाद मतपत्रिकांत अशा एकाहून अधिक पहिल्या पसंती दाखवणाऱ्यांचाच भरणा असतो. पुण्याची सवय असलेल्याने इथेच जपावे. १, २ नंतर ३ गाळून एकदम ४ लिहिले, तर मत २ पर्यंत चालते आणि तिथे थांबते. २००७ मध्ये पार्लमेंट आणि कौन्सिल या दोन्ही निवडणुका एकाच दिवशी घेतल्या गेल्या आणि पार्लमेंटच्या सुमारे १,४६,००० मतपत्रिका बाद झाल्या. गंमत अशी की आकड्यांची नवी पद्धत असलेल्या कौन्सिलच्या मतपत्रिका त्या मानाने कमी, दोन टक्क्यांच्या आतच, बाद झाल्या होत्या. गोंधळ एकाच कागदावर दोन स्तंभ छापलेल्या पार्लमेंटच्या मतपत्रिकेने घातला होता. रॉन गूल्ड यांच्या चौकशी अहवालानंतर दोन्ही निवडणुका वेगळ्या वर्षी घ्यायचे ठरले आणि कौन्सिलची पुढची निवडणूक २०११ ऐवजी २०१२ मध्ये झाली.

मोजणी मतदानाच्या दुसऱ्या दिवशी होते. मतपत्रिका यंत्रातून सरकतात, स्पष्ट आकडे संगणक वाचतो आणि शंकास्पद मतपत्रिका पडद्यावर येतात. निवडणूक अधिकारी त्यांचा निर्णय उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर देतात. आमचे काम त्या पडद्यासमोर बसून राहण्याचे. सात आणि एक यांच्यातला फरक किती सूक्ष्म असू शकतो, हे मी तिथे शिकलो. सर्व मतपत्रिका वाचून झाल्या की फेऱ्यांचा सगळा हिशेब क्षणात समोर येतो. नंतर प्रत्येक वॉर्डातल्या पसंतीक्रमांचा तपशीलही प्रसिद्ध होतो. कोणत्या पक्षाची मते कोणाकडे गेली, हे ज्याला पाहायचे असेल त्याने तो चाळावा.

या पद्धतीमुळे एकपक्षीय बहुमत दुर्मीळ झाले आहे. २०१७ मध्ये एकाही कौन्सिलमध्ये एका पक्षाला बहुमत नव्हते. २०२२ मध्ये ते डंडीत एसएनपीला आणि वेस्ट डनबार्टनशायरमध्ये लेबरला मिळाले, तर ऑर्कनी, शेटलंड आणि वेस्टर्न आइल्स या बेटांवर अपक्षांचे वर्चस्व कायम राहिले. एडिंबऱ्यात त्या वर्षी ६३ पैकी सर्वाधिक, म्हणजे १९ जागा एसएनपीला मिळूनही कारभार १३ जागांच्या लेबरने इतरांच्या पाठिंब्यावर हाती घेतला. असले डावपेच महाराष्ट्रातून आलेल्या माणसाला समजावून सांगायची गरज नाही. रहिवाशाच्या दृष्टीने लाभ असा, की कचऱ्याची गाडी किंवा शाळेतला प्रवेश यांसारखे गाऱ्हाणे घेऊन वॉर्डातल्या चारही कौन्सिलरांपैकी कोणाकडेही जाता येते, आणि ते बहुधा निरनिराळ्या पक्षांचे असल्यामुळे एकाने टाळाटाळ केली तर दुसरा आनंदाने पत्र लिहितो.

एक कच्चा दुवा मात्र सांगितला पाहिजे. मुदत पाच वर्षांची असते, आणि मध्येच एखाद्या कौन्सिलरने राजीनामा दिला किंवा त्याचे निधन झाले तर संपूर्ण वॉर्डात एका जागेसाठी पोटनिवडणूक होते. मतपत्रिकेवर तेव्हाही आकडेच लिहायचे असतात, पण जागा एकच असल्यामुळे कोटा वैध मतांच्या निम्म्याच्या वर जातो. चारांतली चौथी जागा जेमतेम मिळवलेल्या लहान पक्षाला ती अशा वेळी राखणे फार अवघड जाते, म्हणून पोटनिवडणुकीत खालचे आकडे लिहिण्याचा आळस तर मुळीच करू नये.